मधल्या दिवसांचं काय करायचं

तंजावरात मी आयुष्यभर एकच काम केलं. बायकांना एका यंत्रापुढे उभं केलं आणि त्यांच्या छातीचे फोटो काढले. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला लोक रस्त्यात थांबवून चहा पाजतात. मला बघून बायका रस्ता बदलत. भाजीबाजारात एखादी समोर आली की आधी 'हिला कुठे बरं पाहिलंय' असं तोंड करायची, मग आठवलं की पदर सारखा करून वांगी चिवडायला लागायची. मला कधी राग आला नाही. मीही तिला चेहऱ्यावरून ओळखलेलं नसायचंच.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, कामाबद्दल लिहा, पण वाचकांना घाबरवू नका. पहिलं जमेल. दुसऱ्याचं बघू.

आमची मराठी घरातली, बोलायची. तंजावरात आमच्या कितीतरी पिढ्या झाल्या. घरात अजून 'जातें', 'करतें' अशी जुनी रूपं चालतात आणि मधे मधे तमिळ भरलेलं असतं. देवनागरी वाचणारे आमच्यात थोडे. मी वाचायला शिकले ते मिरजेला, क्ष-किरण तंत्रज्ञाची पदविका करताना. वसतिगृहातल्या मुली माझं बोलणं ऐकून हसायच्या, म्हणून हट्टाने वाचनालयात जाऊन बसले आणि तुमची मराठी लिहायला लागले. परत आले ती एका खासगी हॉस्पिटलात, मॅमोग्राफीच्या खोलीत. तिथूनच निवृत्त झाले.

यंत्र उभं असतं. बाईने त्याला अगदी चिकटून उभं राहायचं. खालच्या पट्टीवर स्तन ठेवायचा, वरून पारदर्शक प्लास्टिकची दुसरी पट्टी उतरवायची आणि दाबायचं. 'दुखत नाही हो' म्हणणारी टेक्निशियन थापा मारते. मी सांगायची, "दुखेल. पण मला मनातल्या मनात चार शिव्या घालून होईस्तोवर संपेल." बहुतेकींना ते पटायचं. काही जणी मोठ्याने घालायच्या.

दाबायचं का, हे प्रत्येकीला सांगावं लागतं, आणि आमच्याकडे सांगणं सोपं आहे, कारण कावेरीच्या काठी तांदूळ न निवडलेली बाई सापडणार नाही. तांदूळ ताटात ढिगाने ठेवला तर खडा दिसत नाही, पसरला तर दिसतो. त्यात आमच्या कामात तांदूळही पांढरा आणि खडाही पांढरा. गाठ पांढरी दिसते, चुन्याचे बारीक कण पांढरे दिसतात आणि चांगल्या, दाट पेशीही पांढऱ्याच दिसतात. म्हणून पसरायचं आणि दोन बाजूंनी बघायचं. त्याआधी अंगावरची पावडर, क्रीम, जे काही लावलं असेल ते पुसून काढायचं, कारण पावडरचा कणसुद्धा फोटोत चुन्याच्या कणासारखा चमकतो.

मग तालीचा प्रश्न. तालीचं म्हणजे मंगळसूत्राचं पिवळं सूत आमच्याकडची बाई ऑपरेशनलाही उतरवत नाही, तर माझ्यासाठी कशाला उतरवेल. नवीन होते तेव्हा वाद घालायची. पुढे ती पाठीवर सरकवून चिकटपट्टीने डकवायला लागले. एका मामींना तेही पटलं नाही. त्यांनी ताली दातांत धरली. "आता श्वास रोखा" म्हटल्यावर त्यांनी "रोखला" असं सांगितलं आणि ताली सुटून थेट फोटोत आली. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो बरेच दिवस जपून ठेवला होता.

या कामातला मोठा नियम असा की फोटो काढणारीने काही सांगायचं नाही. वाचणार डॉक्टर, सांगणार डॉक्टर. पडद्यावर काहीही दिसो, आपला चेहरा कोरा ठेवायचा. बाई तुमच्या हाताकडे बघत नाही, तुमच्या भुवयांकडे बघते. मी शिकाऊ मुलींना पहिला आठवडा यंत्राला हातच लावू देत नसे, नुसता चेहरा शिकवायची. माझ्या हाताखालून गेलेली सेल्वी आज ती खोली सांभाळते. तिला हा चेहरा इतका चांगला जमला की तिचा नवरा तक्रार करायचा, घरी काय चाललंय हेच मला कळत नाही.

डॉक्टरांना फोटोत शंका आली की त्या बाईला पुन्हा बोलावलं जातं. पुन्हा बोलावणं म्हणजे आजार नव्हे. बहुतेकींचं पुढे काही निघत नाही. हे मी माहितीच्या पत्रकासारखं घडाघडा म्हणू शकते. पण फोन आला आणि दुसऱ्या तपासणीचा दिवस मिळाला, की मधे काही दिवस येतात. कधी डॉक्टर परगावी असतात, कधी सण येतो. त्या मधल्या दिवसांत बायका करतात काय, याचं मला पहिल्यापासून फार कुतूहल होतं.

दुसऱ्या वेळी बाई यंत्रापुढे उभी राहिली की मी विचारायची, "मधले दिवस कसे काढलेत?" चौकशीला चौकशी आणि कामाला काम, कारण बोलायला लागली की खांदा सैल पडतो, आणि खांदा ताठ असला तर फोटो वाईट येतो.

उत्तरं फार मजेदार मिळत. एका शाळामास्तरणीने घरातली सगळी पितळ खाली काढून चिंचेने घासली. ती संपल्यावर शेजारणीची मागून आणली. पोस्टातल्या एक बाई रोज संध्याकाळी आमच्याच आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर येऊन बसत आणि कुणाला काही न विचारता घरी जात. मी विचारलं, रोज कशाला येता? म्हणाल्या, "घरी बसलं की हे हॉस्पिटल फार मोठं होतं. इथे येऊन बघितलं की जेवढं आहे तेवढंच दिसतं."

ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यातून राजाम्बाळ नावाची बाई आली होती. पुन्हा बोलावलं म्हणून अख्खी व्हॅन भरून माणसं घेऊन आली. सगळी बाहेर रडायच्या तयारीत आणि ही आत यंत्राभोवती फिरून त्याच्या पट्ट्या निरखतेय. शेवटी मला म्हणाली, "अम्मा, हे म्हशीला चालेल का?" तिच्या म्हशीच्या सडात गाठ झाली होती. मधले सगळे दिवस तिने म्हशीची कास शेकण्यात घालवले होते. मी म्हटलं, "तुझ्या गाठीचं काय?" ती म्हणाली, "माझी तुम्ही बघताय. तिची कोण बघणार?"

त्या म्हशीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. राजाम्बाळचंही नाही. या कामाची मला कायम रुखरुख राहिली ती हीच. फोटो माझ्या हातून जायचा, बाई दारातून जायची आणि शेवट वरच्या मजल्यावर व्हायचा. कुणी पेढे घेऊन आलं तरी ते डॉक्टरांकडे. मी हजारो गोष्टींची पहिली पानं वाचली.

आता माझी स्वतःची गोष्ट. निवृत्तीनंतरही मी दरवर्षी फोटो काढून घेते. यंदा पोंगलच्या आधी काढला. सेल्वीने पट्टी सोडली आणि मी सवयीने वळून पडद्याकडे बघितलं. पेशंटने बघायचं नसतं, पण मला पेशंट होण्याची सवय नव्हती. डाव्या बाजूला, काखेकडे वर, एक छोटा पांढरा डाग होता. गेल्या वर्षी तो नव्हता. सेल्वीने पडद्यावर पुढचा फोटो आणला आणि कोऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "झालं मॅडम, ब्लाउज घाला." तेव्हा मला कळलं की मी तिला किती नीट शिकवलंय.

दोन दिवसांनी फोन आला. आणखी फोटो आणि सोनोग्राफी करायची, पण डॉक्टरीणबाई मुलीकडे गेल्यात, सण उरकून येतील, तेव्हा या.

घरात मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, अंबुजा वन्सं, अशा दोघीच. वन्सं लवकर विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून माझ्या संसारात आहेत. माझे यजमान गेले, मुलगा बंगळूरला गेला आणि आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो. आमचं भांडण पहाटेच्या कॉफीपासून सुरू होतं. डिकॉक्शन पातळ का, इथून वाद निघतो आणि दुपारी माझ्या माहेरापर्यंत पोचतो. त्यांना गुडघ्यामुळे लांब चालवत नाही, बँकेतलं कळत नाही, मोबाइल नको असतो. मला काही झालं तर ह्या बाईचं काय, हा प्रश्न मला डागाच्याही आधी पडला. म्हणून मी त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं. त्यांना रक्तदाब आहे, हे कारण मी स्वतःला दिलं.

मला कॅन्सर आहे की नाही, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटायला पंधरवडा लागणार होता. इतक्या बायकांना 'काळजी करू नका' असं मी सांगितलं होतं. आता तेच स्वतःला सांगून बघितलं. काडीचाही उपयोग झाला नाही. ते वाक्य ऐकून माझ्यापुढे उभ्या बायका मान का डोलवत असतील, याचं मला नवल वाटलं. माझं मन राखायला डोलवत असणार.

डागाची कड कशी आहे, यावर बरंच काही असतं. गुळगुळीत असली तर बहुधा ठीक. काटेरी असली, पेशींत मुळं सोडल्यासारखी दिसली, तर नाही. मी तो डाग क्षणभरच पाहिला होता. आता दिवसभर डोळे मिटून त्याची कड आठवायची. सकाळी कॉफी पिताना ती गुळगुळीत असायची. अकरा वाजेपर्यंत तिला काटे फुटायचे. दुपारी झोप लागली तर उठल्यावर पुन्हा गुळगुळीत. ज्या बाईने असे डाग बघण्यात जन्म घालवला तिची आठवण अशी दगाबाज निघावी, याची भीतीत सुद्धा मला गंमत वाटत होती.

मग विचार केला, इतक्या जणींनी मला फुकटात उपाय सांगून ठेवलेत, तर करून बघू. पितळ काढली. समया, घंगाळ, सासूबाईंचा पाण्याचा कूजा, सगळं अंगणात मांडलं. हात काळे झाले, पितळ लखलखली आणि तिच्यात मला माझीच छाती दिसायला लागली. शाळामास्तरणीला हे कसं चाललं कोण जाणे. मग संध्याकाळी बसने हॉस्पिटलला गेले आणि लिंबाखालच्या बाकावर बसले. पोस्टातल्या बाईंचं बरोबर होतं, इमारत खरंच लहान दिसते. पण मला तिथलं प्रत्येक माणूस ओळखतं. वॉर्डबॉय, नर्सा, कँटीनवाला, सगळे येऊन "मॅडम, इथे कशाला?" विचारायला लागले. प्रत्येकाला वेगळी थाप मारून दमले आणि परतीची बस धरली.

राहिली म्हैस. आमच्याकडे म्हैस नव्हती, वन्सं होत्या. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं ठरवलं. गुडघ्याला तेल चोळून दिलं. त्यांनी केलेलं सार चांगलं झालंय म्हणाले. दुपारी त्या टीव्हीवरची मालिका समजावून सांगायला लागल्या तर शेवटपर्यंत ऐकून घेतली. हा उपाय थोडासा लागू पडला. त्यांचा गुडघा चोळताना तेवढा वेळ डागाची कड जागच्या जागी राहायची.

वन्सं एका सकाळी शेजारच्या कोमळावल्लीला घेऊन ऑटोने गावाबाहेरच्या मारियम्माच्या देवळात गेल्या. एवढ्या गुडघ्याने का जाताय म्हटलं तर, "तईचा महिना आहे, जायला नको?" म्हणाल्या. तई म्हणजे पोंगलपासूनचा महिना, देवदर्शनाचा, त्यामुळे मला ते खरं वाटलं. माझं अर्धं डोकं डागातच अडकलेलं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली. पावडर नाही, क्रीम नाही, काही नाही. कपाटातून वन्संनी घडी घालून ठेवलेला पांढरा ब्लाउज काढून घातला. बँकेत जाते म्हणून सांगून निघाले.

सेल्वीने मला उभं केलं आणि तमिळमध्ये तेच विचारलं, जे मी तिला विचारायला शिकवलं होतं. "मॅडम, पावडर, विभूती, काही लावलंय?"

"मला विचारतेस?"

"सगळ्यांना विचारायचं म्हणून तुम्हीच सांगितलंय."

"नाही लावलं."

संशयाच्या जागेवर लहान पट्टी ठेवून जरा जास्त दाबतात, म्हणजे तेवढाच भाग आणखी पसरतो. दुखलं. शिव्या मला आठवल्या नाहीत. पट्टी सुटली, मी या वेळी बघायचं नाही ठरवलं होतं आणि तरी बघितलं. डाग होता. पण त्याच्या आजूबाजूला, खाली, वर, बारीक बारीक पांढरे कण पसरले होते. पंधरवड्यापूर्वी तिथे काही नव्हतं. असे कण झुबक्याने दिसले तर काय म्हणतात, हे मला पाठ आहे. मी यंत्राचा दांडा धरून उभी राहिले. सेल्वीचा चेहरा पाटीसारखा कोरा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कोऱ्या चेहऱ्याचा संताप आला.

"सेल्वी," मी म्हटलं, "मला दिसतंय."

"मॅडम, मी उजव्या बाजूचाही एक काढते."

"उजवीकडे काही नव्हतं."

"म्हणूनच काढते."

तिने काढला. उजवीकडेही तसेच कण होते. तसेच पसरलेले, तसेच चमकणारे. आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंना सारखेच कण उगवायचे तर ते शरीर नव्हे, पिठाची गिरणी म्हणायची. भीती होती तिथेच होती, पण तिच्या शेजारी माझी जुनी चौकस खोड येऊन उभी राहिली. हे आलं कुठून?

सेल्वीने कापसाचा बोळा ओला केला आणि माझ्या छातीवरून फिरवला. बोळा राखाडी झाला. तिने तो नाकाजवळ नेला, मग माझ्या नाकाजवळ धरला. कापराचा वास होता, देवळाचा.

"मॅडम, ही विभूती आहे."

"मी लावलेली नाही."

"सगळ्या पेशंट हेच सांगतात," सेल्वी म्हणाली, आणि तिचा तो कोरा चेहरा पहिल्यांदा हलला. तिने खुर्चीवरचा माझा ब्लाउज उचलला, उलटा केला आणि जमिनीवर झटकला. काळ्या फरशीवर राख पडली. डावीकडची आणि उजवीकडची, अगदी सारखी.

माझ्या कपाटाला माझ्याशिवाय एकच बाई हात लावते. मी तशीच उघडी स्टुलावर बसले आणि रडले. भीतीने नाही. हे सगळं मी एकटी उचलून फिरते आहे असं इतके दिवस समजत होते, आणि घरात एक बाई रोज माझ्या ब्लाउजांच्या आत अंगारा भुरभुरवून त्यांच्या घड्या घालत होती. सेल्वीने दार लावून घेतलं आणि मला पाहिजे तेवढा वेळ बसू दिलं. मग धुऊन पुसून पुन्हा फोटो काढले. कण गेले. डाग राहिला.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. त्या माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण मला नियम लावायला घाबरत नाहीत. "कड गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याची गाठ म्हणावी तर पुरती तशी नाही. मला वाईट वाटत नाहीये. पण तुम्हाला माहीत आहे मी काय सांगणार."

"सहा महिन्यांनी परत."

"सहा महिन्यांनी परत. तेवढीच राहिली तर बरं. वाढली तर सुईने तुकडा काढून तपासू."

म्हणजे पंधरवड्याच्या जागी सहा महिने मिळाले. तरी मी जिना हलक्या पायाने उतरले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

घरी आले तर वन्सं मुरुंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा चिरत बसल्या होत्या. मी ब्लाउजाचं सांगितलं. त्यांनी विळीवरून मान वर केली नाही.

"बँकेंत काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"वन्सं, तुम्हांला कसं कळलं?"

"माझं सार बरं झालं म्हणून सांगितलीस ना. इतक्या वर्षांत कधीं सांगितलीस? मालिका बघितलीस. पितळ घासलीस. तुझ्या हॉस्पिटलांतल्या बायका अशाच करतात म्हणून तूंच सांगत होतीस कीं मला. मी काय बहिरी आहें?"

"मग विचारलं कां नाहीं?"

"तूं सांगणार नाहींस म्हणून ठाऊक होतं. विचारलं असतं तर पोय् बोलली असतीस. इतकं खोटं बोलून तुला आणखी त्रास कशाला?"

मग त्यांनी हात पुसला, उठल्या आणि देवघरातून कागदाची पुडी आणली. मारियम्माच्या देवळाबाहेर चांदीच्या पातळ पत्र्याचे अवयव मिळतात. डोळा दुखला तर डोळा, पाय दुखला तर पाय, बरं वाटलं की देवीला वाहायचा. पुडीत एक अख्खी बाई होती, बोटाएवढी, दोन्ही हात सरळ खाली सोडलेली.

"कुठचा भाग म्हणून ठाऊक नव्हतं," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या खोलींतलं म्हटलं तर छातीच असणार. पण पोट असलं तर? डोकं असलं तर? म्हणून अख्खीच घेतलीं. आतां सांग, वाहायची कीं ठेवायची?"

मी सगळं सांगितलं. डाग, कड, सहा महिने. बाई वाहायची ती बरं झाल्यावर, आणि मी तर ना धड आजारी, ना बरी. त्यांनी थोडा विचार केला आणि बाई पुन्हा कागदात गुंडाळली. मग म्हणाल्या की माझ्या अंगाऱ्याने तुझे फोटो बिघडले असतील तर पुढच्या वेळी नुसता कपाळाला लावीन. कपाळ दाबत नाहींत ना? मी नाही म्हटलं. संध्याकाळी कॉफीवरून आमचं रीतसर भांडण झालं.

हे सहा महिने मी कसे काढले, हे कुणी यंत्रापुढे उभं करून विचारलं तर मला छानसं उत्तर देता येणार नाही. उपाय असा सापडलाच नाही. भीती अधूनमधून येते. पहिल्यांदा मी ती गिळायची, आता मोठ्याने सांगते, "वन्सं, आलीय." त्या म्हणतात, "ये, शेंगा सोल." काही दिवस तेवढं पुरतं, काही दिवस पुरत नाही आणि तरी आम्ही दोघी शेंगा सोलत बसतो.

आता आडी महिना, तुमचा आषाढ, लागला आहे, कालव्यांना पाणी आलंय आणि माझी तपासणी येत्या गुरुवारी आहे. तुम्ही हे दिवाळीत वाचाल तेव्हा माझ्या डागाचं काय ते कळून गेलेलं असेल. लिहिताना मला माहीत नाही.

काल दुपारी वन्संनी विचारलं, "दाबतात म्हणतेस, तें किती दुखतं?"

"चार शिव्या घालण्याइतकं. का?"

"मग माझंही काढायला सांग."

वन्संची सत्तरी उलटली, पण त्यांनी आजवर स्वतःचा असा फोटो काढू दिला नव्हता. मी विनवून थकले, रागावून थकले आणि शेवटी विषय सोडून दिला होता. माझ्याच घरातली बाई.

"आतां कां?" मी विचारलं.

"गेल्या वेळीं तूं आंत होतीस आणि मी घरीं होतें," वन्सं म्हणाल्या. "बाहेर राहून मला जमत नाहीं. आंत येतें."

मी लगेच सेल्वीला फोन करून नाव लावलं. फोन ठेवला आणि मी काय करून बसले ते कळलं. स्वतःच्या डागाशी माझी आता थोडी ओळख झाली आहे. वन्संच्या छातीत काय आहे ते मात्र कुणीच कधी बघितलेलं नाही. आयुष्यभर मला प्रत्येक बाईचं जाणून घ्यायचं होतं, आत काय आहे, पुढे काय झालं. ह्या एका बाईचं मला जाणून घ्यायचं नाहीये. फोन उचलून नाव काढून टाकावं असंही एकदा वाटून गेलं. वन्सं तोवर आत जाऊन गुरुवारी कुठलं लुगडं नेसायचं ते बघत होत्या.

नाव काढलेलं नाही. गुरुवारी आधी त्यांचं आहे, मग माझं.